वाटेवरचा जिल्हा : रायगडच्या किनारी अर्थव्यवस्थेचा जमाखर्च

उरणजवळ करळ फाट्यावर तासभर उभे राहिले तरी रायगडची अर्थव्यवस्था डोळ्यांसमोरून जाते. न्हावा-शेवा बंदरातून निघालेले चाळीस फुटी कंटेनर एकामागून एक पुढे सरकत असतात. आतला बहुतेक माल जिल्ह्यात बनलेला नसतो आणि इथे खपणारही नसतो. पुणे, नाशिक, दिल्ली, लुधियाना ही त्याची गावे. रायगडातला त्याचा मुक्काम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. या मुक्कामातून इथल्या माणसाच्या पदरात काय पडते आणि माल पुढे गेल्यावर मागे काय उरते, एवढा एकच प्रश्न धरून हे प्रकरण मांडले आहे.

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा. क्षेत्रफळ ७,१५२ चौरस किलोमीटर, तालुके पंधरा, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २६ लाख ३४ हजार. त्यातले सुमारे साडेसात लाख लोक एकट्या पनवेल तालुक्यातले. म्हणून ‘रायगडची प्रगती’ या नावाखाली जे आकडे सांगितले जातात, त्यांचा मोठा वाटा प्रत्यक्षात पनवेल-उरणचा असतो. दक्षिणेकडे पोलादपूर, तळा, म्हसळा या तालुक्यांत त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया नोंदल्या गेल्या. कमावता पुरुष मुंबईला आणि घर गावाला, असा त्याचा अर्थ. जिल्ह्याच्या सरासरीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये, ही पहिली खबरदारी.

पाणी : घाटापलीकडून आलेले

किनाऱ्यावर कारखाने आले ते बंदरामुळे, असे सर्रास लिहिले जाते. रसायनी आणि रोह्याच्या बाबतीत ते चूक आहे. तिथे कारखाने आले ते पाण्यामुळे.

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण नद्या आखूड. घाटातून उतरलेले पाणी दिवसभरात खाडीला मिळते आणि डिसेंबर सरला की पात्रात खडक दिसू लागतात. तरी पाताळगंगा आणि कुंडलिका भर मे महिन्यात वाहतात. याचे कारण टाटांची शंभर वर्षे जुनी जलविद्युत केंद्रे : खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७). भीमा खोऱ्यातले पाणी घाटमाथ्यावर धरणांत अडवायचे, सुमारे पाचशे मीटर खाली सोडून त्यावर वीज करायची आणि चक्रे फिरवून झालेले पाणी पश्चिमेच्या नदीत सोडून द्यायचे, अशी ही रचना. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीला मिळते, खोपोलीचे पाताळगंगेला, भिऱ्याचे कुंडलिकेला. पाताळगंगेच्या काठी रसायनी आणि पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. कुंडलिकेवर डोलवहाळचा बंधारा झाला. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांची तहान आणि रोहा-माणगावचे उन्हाळी भात त्याच पाण्यावर. कोलाडला पर्यटक ज्या उसळत्या पाण्यात राफ्टिंग करतात, तेही वीजनिर्मितीनंतर सोडलेलेच पाणी. वीजकेंद्र बंद असेल त्या दिवशी राफ्ट काठावर.

बारमाही गोडे पाणी ही या पट्ट्याची सर्वांत मोठी ताकद. पण त्या पाण्याचे वेळापत्रक जिल्ह्याच्या हातात नाही. विजेची मागणी वाढते तेव्हा पाणी येते, घटते तेव्हा ओघ कमी होतो. शिवाय पूर्वेकडे दुष्काळ पडला की ‘भीमेचे पाणी भीमेला’ ही मागणी डोके वर काढते, आणि तिला न्यायाची बाजू आहे. मुळशीच्या धरणग्रस्तांनी १९२१ पासून सेनापती बापट यांच्याबरोबर सत्याग्रह केला तो याच पाण्यासाठी बुडणाऱ्या जमिनींपायी. उद्या घाटमाथ्यावरचे थोडे पाणी जरी पूर्वेकडे वळले, तरी पहिला फटका वीजकेंद्राच्या आधी खालच्या कारखान्यांना बसेल. वीज दुसरीकडून आणता येते, पाणी आणता येत नाही. या भागात नवा प्रकल्प आखणाऱ्याने नदीतल्या सरासरी प्रवाहाचा आकडा बाजूला ठेवावा आणि बंधाऱ्याखालचा उन्हाळ्यातला सर्वांत कमी प्रवाह, तोही तासागणिक, मागून घ्यावा. कारखान्याच्या आवारात दोन-तीन दिवसांचा साठा नसेल तर बाकीचे गणित करण्यात अर्थ नाही.

पेण तालुक्यातले हेटवणे धरण या जमाखर्चाची दुसरी बाजू दाखवते. सिंचनासाठी बांधलेल्या या धरणाचे पाणी नळाने नवी मुंबईला पोचले. त्याच तालुक्यातल्या वाशी खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यातल्या, गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

वायू : समुद्रातून आलेला

१९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागले आणि वायू उरणला किनाऱ्यावर आणला गेला. पुढच्या वीस वर्षांत त्याभोवती एक साखळी तयार झाली. उरणचा वायुविद्युत प्रकल्प, थळ-वायशेतचा खत कारखाना, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल, रेवदंड्यासमोर साळावचा आणि धरमतर खाडीकाठी डोलवीचा लोह प्रकल्प. पाचही ठिकाणी वायूच मुख्य. खत कारखान्यात त्यापासून अमोनिया आणि युरिया, नागोठण्यात त्यातल्या इथेन-प्रोपेनपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल, लोह प्रकल्पांत खनिजातला प्राणवायू काढून टाकण्यासाठी तोच वायू.

स्वस्त वायू कमी पडू लागला तेव्हा या पाचांचे नशीब पाच दिशांना गेले. प्रकरण म्हणून अभ्यासण्यासारखा भाग हाच आहे. उरणचे ६७२ मेगावॉटचे केंद्र वायूअभावी अर्धे-मुर्धे चालत राहिले. साळावने मालक बदलले. थळचा कारखाना टिकला, कारण युरियाचा खर्च आणि विक्रीची किंमत यांतली दरी केंद्राचे अनुदान भरून काढते. नागोठण्याने कच्चा मालच बदलला. दहेजला जहाजाने अमेरिकी इथेन येऊ लागले आणि तिथून नळाने नागोठण्याला. डोलवीने कोळसा आणि भट्ट्यांचा मार्ग धरला, २०१० मध्ये मालकी बदलली आणि आता प्रकल्पाची क्षमता वर्षाला एक कोटी टन पोलादाची आहे.

डोलवीच्या मालवाहतुकीकडे नीट पाहावे. धरमतर खाडी उथळ. मोठे जहाज आत येऊ शकत नाही. म्हणून खनिज आणि कोळसा घेऊन आलेले जहाज रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला लागते. तिथे माल छोट्या जहाजांत आणि बार्जमध्ये चढतो आणि भरती साधून अंबा नदीच्या मुखातून धक्क्यापर्यंत येतो. दोनदा चढ-उतार करूनही रस्त्यापेक्षा हे स्वस्त पडते, कारण एक बार्ज शेकडो ट्रकांचा माल एका खेपेत वाहते. पण या खेपा भरती-ओहोटीला बांधलेल्या आहेत आणि त्यांच्या लाटा दोन्ही काठांच्या मातीच्या बांधांवर आपटतात. त्या बांधांकडे पुढे वळू.

बंदर : देशाचा फायदा, फाट्यावरचा तोटा

न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मुंबई बंदराच्या गर्दीवरचा उतारा म्हणून ते बांधले आणि काही वर्षांत देशातले आघाडीचे कंटेनर बंदर झाले. २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाने सत्तर लाखांहून जास्त कंटेनर इथून गेले. खासगी टर्मिनलचा प्रयोग देशात पहिल्यांदा इथेच झाला. नंतर दुसरे, तिसरे, चौथे टर्मिनल आले. २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेले टर्मिनलही तीस वर्षांच्या कराराने खासगी हाती दिले आणि प्राधिकरण पूर्णपणे जमीनमालकाच्या भूमिकेत गेले. धंदा म्हणून हे चोख झाले. मात्र जमीन गेलेल्यांच्या मुलांना जी कायमची नोकरी हवी होती, ती देणारा मालकच या व्यवस्थेत शिल्लक राहत नाही. टर्मिनलमध्ये क्रेनचालक, चेकर, कंटेनर बांधणारा लॅशिंगवाला असतो, पण बहुतेकदा कंत्राटदाराचा; आणि स्थानिक पोरांच्या वाट्याला त्यातूनही सुरक्षारक्षक, सफाई आणि ड्रायव्हरकी येते.

डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे. आधी आयात कंटेनर बंदरातून सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर आगारात जाई. तिथे सीमाशुल्क तपासणी, माल उतरवणे, गोदाम, काटा, फोर्कलिफ्ट, हमाल, ट्रान्सपोर्टरची कचेरी, शेजारी चहाची टपरी. कंटेनरचे हे चार-सहा दिवस म्हणजेच उरण-पनवेलची कमाई. दशकभरापूर्वी थेट बंदरातून माल नेण्याची सोय वाढवली गेली. आयातदाराचे दिवस वाचले, खर्च घटला, बंदराची वाखाणणी झाली. सीएफएसचे काम घटले आणि त्यावर जगणाऱ्यांनी ओरड केली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कंटेनर जितक्या लवकर जिल्हा सोडेल तितके बंदर कार्यक्षम, आणि जिल्ह्याची मजुरी तितकी कमी. वाटेवरच्या अर्थव्यवस्थेची ही मूळ गाठ आहे. ती सोडवायची तर कंटेनर इथेच उघडला पाहिजे, आतल्या मालावर इथे काम झाले पाहिजे. बंदरालगतचे २७७ हेक्टरचे विशेष आर्थिक क्षेत्र त्यासाठीच काढलेले. ते किती भरते यावर लक्ष ठेवावे, नवा धक्का किती लांब झाला यावर कमी.

रेल्वेची गोष्ट लवकर सांगून होते. बंदरातल्या मालाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी माल रेल्वेने जातो, बाकी सगळा रस्त्यावर. दिल्लीकडच्या स्वतंत्र मालवाहू मार्गाचे शेवटचे टोक वैतरणा ते बंदर, आणि रखडले तेही नेमके हेच. परिणाम गव्हाण फाटा, दास्तान फाटा, जासई इथे रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रेलरच्या रांगांत दिसतो. एखादे टर्मिनल थांबले तरी काय होते, याचा नमुना २७ जून २०१७ रोजी मिळाला. जगभर पसरलेल्या संगणक हल्ल्यात इथल्या एका टर्मिनलची यंत्रणा बंद पडली, नोंदी हाताने कराव्या लागल्या आणि ट्रेलरची रांग गावांपर्यंत आली. हल्ला कुठला, सर्व्हर कुठला आणि वाहतूककोंडी कुणाच्या दारात!

जमीन : साडेबारा टक्क्यांचे गणित

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे आले : गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. देशातल्या भूसंपादनात ही मोठी झेप होती. बाहेरचे लोक मात्र ‘साडेबारा टक्के’ ऐकून जे चित्र रंगवतात आणि प्रत्यक्षात हाती जे येते, त्यात अंतर आहे.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. साडेबारा टक्के म्हणजे ५०६. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा, म्हणजे हाती उरतात पावणेनऊ टक्के : ३५४ चौरस मीटर. तेही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. दीड चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम, धरले तर बांधकाम सुमारे ५३१ चौरस मीटर. सातबारावर सहा वारस असतील तर भूखंडाचा वाटा माणशी ५९ चौरस मीटर. एवढ्यात घर होत नाही, म्हणून भूखंड एकत्र करून विकासकाला द्यावा लागतो. तो त्रिपक्षीय करार करतो, आणि खरा नफा करारानंतर भाव चढतो तेव्हाचा असतो.

योजनेला मारले ते विलंबाने. बंदरासाठी जमीन गेली ऐंशीच्या दशकात. बंदरग्रस्तांना भूखंडांची इरादापत्रे मिळाली ऑगस्ट २०१४ मध्ये. मधल्या तीस वर्षांत एक पिढी गेली, वारस दाखल्यांची भांडणे वाढली, आणि अनेकांनी मिळणारा हक्क आधीच दलालाला कवडीमोलाने लिहून दिला. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी देऊ केलेला वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला, विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रातल्या नगररचना योजनांत मालकाला चाळीस टक्के जमीन परत देण्याचे सूत्र आले. टक्का वाढला हे खरे. पण शेतकऱ्याने विचारायचा प्रश्न टक्क्याचा नाही, तारखेचा आहे : ताबा कधी, रस्ता-पाणी-वीज जोडलेला भूखंड कधी, आणि उशीर झाला तर दरमहा काय?

उलट दिशेचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. उरण, पेण, पनवेलमधल्या ४५ गावांवर महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, येणार होता. पेणमधली २२ गावे हेटवण्याच्या लाभक्षेत्रात होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी तिथे सरकारने शेतकऱ्यांचे मत आजमावले. पुढे मुदतीत निवाडे झाले नाहीत आणि संपादन बारगळले. ज्या धरणाचे पाणी शेतात पोचले नाही, त्याच्या लाभक्षेत्राच्या कागदाने शेत वाचवायला हातभार लावला.

मोबदल्याचा आणि जमिनीच्या व्यवहाराचा पैसा कुठे ठेवायचा, हा प्रश्नही किरकोळ नाही. पेणमधली एक मोठी नागरी सहकारी बँक २०१० मध्ये कोलमडली, पनवेलमधल्या एका बँकेचा परवाना २०२१ मध्ये रद्द झाला. पहिली बुडाली तेव्हा ठेवविम्याची मर्यादा एक लाख रुपये होती, २०२० पासून ती पाच लाख आहे. जिथे जमिनी झपाट्याने पैशात बदलतात, तिथे स्थानिक बँकेवरची देखरेख हा पायाभूत सुविधेचाच भाग मानायला हवा.

खारेपाट : हिशेबात नसलेला कारखाना

आता मघाचे ते बांध. पेण, अलिबाग, उरणच्या खाडीकाठची भातशेती समुद्राकडून मिळवलेली आहे. भरतीचे पाणी अडवायला मातीचा बांध, त्याला बाहेरून दगडाची पिचिंग आणि जागोजाग उघाड्या. उघाडी म्हणजे बांधातले दार : ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. जून-जुलैचा पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो आणि मग आवणी, म्हणजे भाताची लावणी, होते. काळा राता, भुरा राता या जुन्या वाणांना खारटपणा सोसवतो; पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ ही सुधारित वाणे दिली. शेताच्या कडेला घरटी तळे, त्यात जिताडा मासा. चांगल्या वजनाच्या जिताड्याला जो भाव येतो, तो पाहता हा जोडधंदा म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्धच्या संपात १९३३ पासून सहा वर्षे जमीन कसणे बंद ठेवले, ते याच पट्ट्यात.

बांध सांभाळण्याची जुनी रीत गावकीची होती. प्रत्येक शेतकऱ्याचा बांधाचा तुकडा ठरलेला, उधाणाआधी माती टाकायची, खेकड्यांची बिळे बुजवायची. नंतर कामे खारभूमी विभागाकडे गेली, १९७९ मध्ये खारभूमी विकास कायदा झाला, आणि गावकीची सवय मोडली. विभागाचा निधी मात्र उधाणाच्या वेळापत्रकाने येत नाही.

बांध फुटतो कसा? सुरुवात बहुधा उघाडीपासून. दाराची फळी कुजते, चौकटीशेजारून पाणी झिरपू लागते, माती आतून पोकळ होते. नाहीतर खेकड्याच्या बिळातून. काही ठिकाणी बार्जच्या लाटांनी पायथा खाल्ला जातो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडते. आठवडाभरात बुजवली तर एक हंगाम जातो. तशीच राहिली तर प्रत्येक भरतीला ती रुंदावते आणि शेतात खार बसतो. पुढे बांध नीट केला तरी जमीन धुऊन पिकायला दोन-तीन पावसाळे लागतात.

याहून वाईट पुढे आहे. खांडीतून भरतीबरोबर तिवरांच्या बिया येतात. चार-पाच वर्षांत शेतात कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने कांदळवन तोडण्यास आणि त्याभोवती ५० मीटरांत बांधकाम करण्यास मनाई झाली. आदेश योग्यच होता. मुंबईभोवतीची कांदळवने त्यामुळेच उरली. पण इथे त्याचा परिणाम उलटा होतो. सातबारावर भातशेती, जागेवर जंगल. बांध दुरुस्त केला तर आतली तिवरे मरतात, म्हणून परवानगी लागते. परवानगी येईतो जंगल वाढते. असे शेत औद्योगिक जमिनीच्या बाजारात ‘नापीक’ म्हणून स्वस्तात येते. बांधाची दुरुस्ती वेळेवर न होणे, ही अशा रीतीने जमीन हस्तांतराची पहिली पायरी ठरते. कुणी ठरवून करते असे म्हणायची गरज नाही. न करण्याने आपोआप होते.

उलट टोकाला भरावाचा प्रश्न. उरणची पाणथळ मैदाने, मिठागरे, विमानतळाची दलदल यांवर मातीचा भराव पडला की भरतीचे पाणी नाहीसे होत नाही, दुसरी वाट शोधते. उलवे नदीचा प्रवाह वळवला, टेकडी कापली, जमीन उंच झाली, आणि डुंगी-पारगावसारख्या शेजारच्या गावांत पाणी शिरू लागले. कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालची मोरी, किती रुंद ठेवायचा हे पावसाच्या आकड्यावरून ठरवले जाते. इथे तो मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली असे धरून ठरवायला हवा.

खाडी

शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठवला आणि हनुमान कोळीवाडा म्हणून दुसरीकडे वसवला. तिथे वाळवीने घरे पोखरली. पुनर्वसनाचे पुनर्वसन करण्याची मागणी पुढच्या पिढीला करावी लागली. मासेमारीचे नुकसान पैशात मोजण्याचा मोठा प्रयत्न झाला राष्ट्रीय हरित लवादात. २७ फेब्रुवारी २०१५ च्या निकालात उरण परिसरातल्या चार गावांमधल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश झाला. भागाकार केला तर कुटुंबामागे सुमारे पाच लाख ८४ हजार.

मोजणीत एक गोष्ट नेहमी निसटते. होडीवाल्याची नोंद असते, परवाना असतो, सोसायटी असते. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, खुबे, कालवे, चिंबोऱ्या गोळा करणाऱ्या बाईची नोंद कुठेच नसते. भराव सर्वांत आधी पडतो तो तिच्या चिखलावर. पर्यावरण अहवाल तपासताना उथळ भागातल्या या हातमासेमारीचे पान आहे का, ते आधी पाहावे.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात. महाड, रोहा, तळोजा तिन्ही ठिकाणी सामायिक प्रक्रिया केंद्रे आहेत. अडचण असते ती केंद्रात येणाऱ्या पाण्याची. छोट्या कारखान्याने प्राथमिक प्रक्रिया न करता तीव्र आम्ल किंवा द्रावक सोडले की केंद्रातले जिवाणू मरतात आणि पुढचे काही दिवस सगळ्यांचेच पाणी कच्चे बाहेर पडते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याला निळे कुत्रे दिसले आणि कासाडी नदी देशभर गाजली. एका रंग कारखान्याला टाळे लागले. नदीला रंग असेल तर बातमी होते, बिनरंगी द्रावकाची होत नाही.

दक्षिणेचे दार

राजपुरीच्या खाडीतले दिघी बंदर हे उत्तरेच्या उलट प्रकरण. धक्का आधी झाला, रेल्वे आलीच नाही. रेल्वेवाचून माल नाही, मालावाचून कर्जफेड नाही. २०१८ मध्ये बंदर दिवाळखोरी प्रक्रियेत गेले आणि २०२१ मध्ये ७०५ कोटी रुपयांत अदानी समूहाकडे आले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघी आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटले तरी खड्डे तेच राहिले, हे लक्षात घेऊन त्या घोषणेकडे पाहावे.

या भागातली धोक्यांची यादी लांब आहे. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. नवा पूल १६५ दिवसांत बांधला, म्हणजे मनावर घेतले तर होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारी-नारळाच्या वाड्या झोपवल्या. पोफळ नव्याने लावली तर हाती फळ यायला सहा-सात वर्षे. नुकसानभरपाई मात्र एका हंगामाच्या हिशेबाने ठरते. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत दरड कोसळली, त्याच पुरात महाड बुडाले. औद्योगिक अपघातही आहेत : नागोठण्यात १९९० चा स्फोट, उरणच्या वायुप्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ ची आग, नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या एका औषध कारखान्यात अकरा मृत्यू. महाडमध्ये पूर आणि औद्योगिक अपघात हे दोन्ही धोके एका जागी आहेत, म्हणून रसायनांच्या टाक्यांची जोती २०२१ च्या पूररेषेवर आहेत का, हा तिथला पहिला तपासणी प्रश्न.

हिशेब कसा मांडावा

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) नवे शहर आखते आहे. भाव चढतीलच. पण भाव हे उत्पन्न नव्हे.

जिल्ह्याची आर्थिक पाहणी करताना एकूण गुंतवणुकीचा आकडा शेवटी लिहावा. आधी लिहावे ते असे : जिल्ह्यात उघडलेले कंटेनर किती आणि नुसते गेलेले किती, कारखान्याच्या पगारपत्रकावर कायम किती, कंत्राटी किती, त्यातले तालुक्यातले किती, संपादनाच्या तारखेपासून भूखंडाच्या ताब्यापर्यंत सरासरी वर्षे किती, चालू उघाड्या किती, नादुरुस्त किती, उघड्या खांडी किती आणि त्यांमागे क्षेत्र किती. शेवटचे दोन आकडे गोळा करायला भरतीच्या वेळी बांधावरून चालत जाण्यापलीकडे काही लागत नाही.

दर पावसाळ्यापूर्वी प्रशासन साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. बांधाचे काम त्या यादीवरून मागे मोजावे लागते. माती वाळलेली हवी, म्हणजे जानेवारीनंतर; थरावर थर देऊन ती दाबून बसायला दोन महिने; उघाडीची दारे एप्रिलअखेर बसलेली हवीत. मंजुरी मार्चअखेरीला निघाली की कंत्राटदार मेमध्ये येतो, सैल माती टाकतो, वरून पोकलेन फिरवतो आणि बिल लावतो. जूनच्या पहिल्या उधाणात ती माती खाडीत जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच जागेसाठी पुन्हा अंदाजपत्रक होते.